विश्लेषण : चिकन-वॉफलवर सिरप की ग्रेव्ही? वाइन त्यावरच ठरते!

मुंबई-पुण्यात वॉफल म्हणजे चॉकलेट सॉसने माखलेला गोड पदार्थ. त्यावर तळलेले चिकन ठेवायचे म्हटले तर अनेकांच्या भुवया उंचावतील. अमेरिकेत मात्र ही जोडी जुनी आहे आणि तिचा तिखट-मिठाचा प्रकार घरी सहज जमतो. गडबड होते ती दोन ठिकाणी. वॉफल मऊ पडतो आणि वाइन चुकते.

ही जोडी आली कुठून?

एक नव्हे, दोन वाटांनी. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कुटुंबांत (त्यांना ‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हणतात) १९व्या शतकापासून शिजवलेले चिकन आणि त्याची ग्रेव्ही वॉफलवर ओतून खाल्ली जाते. यात गोड काहीच नाही. दुसरी वाट न्यूयॉर्कच्या हार्लेममधली, कृष्णवर्णीय वस्तीतली. तिथे जोसेफ वेल्स यांनी १९३८ मध्ये ‘वेल्स सपर क्लब’ सुरू केला. जॅझ वादक कार्यक्रम आटोपून उत्तररात्री येत. रात्रीच्या जेवणाची वेळ टळलेली आणि न्याहारीला अवकाश, अशा वेळी तळलेले चिकन आणि वॉफल एकाच ताटात आले. हार्लेमच्याच हर्ब हडसन यांनी १९७५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘रॉस्कोज’ उघडले आणि या पदार्थाला देशभर ओळख मिळाली. या दुसऱ्या प्रकारावर मेपल सिरप असतेच.

वॉफल कुरकुरीत कसा होतो?

वॉफलच्या साच्यात पिठातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. जितके पाणी जाईल तितका कुरकुरीतपणा येतो. त्यामुळे वाफ येणे जवळजवळ थांबेपर्यंत साचा उघडू नये. हिरवा दिवा लागला म्हणून घाई केली की वॉफल फाटतो.

दोघा-तिघांसाठी एक कप मैदा, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा खायचा सोडा, मीठ आणि मिरपूड एकत्र करावी. पाऊण कप दही, अर्धा कप दूध, एक अंडे आणि चार मोठे चमचे तेल वेगळे फेटून त्यात घालावे. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन नसते, म्हणून वॉफल चिवट होत नाही. लोण्याऐवजी तेल घेण्यामागेही कारण आहे. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असते. चवीसाठी किसलेले चीज आणि कांद्याची पात घालता येते. साखर अजिबात नको. पीठ इडलीच्या पिठाइतके दाट हवे आणि गुठळ्या राहिल्या तरी चालतात, फार घोटू नये.

तयार वॉफल ताटात एकावर एक रचले की संपलेच, खालच्याची वाफ वरच्याला भिजवते. ओटीजी १०० अंशांवर ठेवून त्याच्या जाळीवर ते सुटे ठेवावेत.

चिकन कोणते घ्यावे?

बोनलेस लेग पीस. ब्रेस्ट तळताना कोरडे पडते. अर्धा किलो चिकनला एक कप दही, मीठ, लाल तिखट आणि ठेचलेला लसूण लावून किमान चार तास फ्रीजमध्ये ठेवावे. मैदा आणि कॉर्नफ्लोअरच्या मिश्रणात याच दह्याचे दोन चमचे शिंपडून बोटांनी चोळले की बारीक गुठळ्या होतात. तळल्यावर त्यांचेच खरपूस पापुद्रे बनतात. पिठात घोळवलेले तुकडे दहा मिनिटे तसेच ठेवावेत, म्हणजे आवरण सुटत नाही.

तेल १७० ते १७५ अंश सेल्सिअस हवे. एका वेळी दोन-तीनच तुकडे सोडावेत. कढई भरली की तेल थंड होते आणि चिकन तेल पिते. सहा ते आठ मिनिटे पुरतात. आतले तापमान ७४ अंश झाले की चिकन शिजले. चिकन सर्वांत शेवटी तळावे.

ग्रेव्हीसाठी दोन चमचे लोण्यात दोन चमचे मैदा परतून एक कप दूध, मीठ आणि भरपूर मिरपूड घालावी. दाट झाली की उतरवावी. वॉफलचे खड्डे आहेत ते याचसाठी!

मग वाइन कोणती?

‘चिकन म्हणजे व्हाइट वाइन’ हा नियम इथे पुरत नाही, कारण चव ठरते ती चिकनभोवतीच्या गोष्टींनी. फक्त तळलेले, खारट चिकन असेल तर बुडबुड्यांची स्पार्कलिंग वाइन उत्तम, कारण तिची आंबट धार तेलकटपणा कापते. बाटलीवर ‘ब्रूट’ लिहिलेले पाहावे, म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ या नावाने फसू नये, ती ब्रूटपेक्षा गोड असते.

वर सिरप ओतले की हिशेब उलटतो. पदार्थापेक्षा वाइन कमी गोड असेल तर ती आंबट आणि पाणचट लागते. इथे किंचित गोडसर रिस्लिंग किंवा शेनिन ब्लांक हवी. नाशिकच्या वाइनरी शेनिन ब्लांक मोठ्या प्रमाणावर बनवतात आणि स्पार्कलिंगही, त्यामुळे परदेशी बाटलीवर खर्च करायची गरज नाही. ग्रेव्हीच्या प्रकाराला लाकडी पिंपात मुरलेली शार्डने शोभते.

चिकनला आपल्या हाताने तिखट लावले असेल, तर कडक शिराझ किंवा कॅबरने टाळलेली बरी. अल्कोहोल तिखटाची आग वाढवते आणि टॅनिनचा तुरटपणाही बोचतो.

गार करायला विसरला असाल तर बादलीत बर्फासोबत पाणी आणि मूठभर मीठ टाकून बाटली २० मिनिटे बुडवावी. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते, पाणी मात्र काचेला सगळीकडून भिडते. तेवढ्या वेळात चिकनचे दोन घाणे निघतात.