मधली पिढी गायब असताना

पितृत्वाची चाचणी करायची तर बाप लागतो. निदान त्याचं रक्त तरी लागतं. पण समजा, मूल आहे. त्याचे आई-बाप दोघंही मारले गेलेत, त्यांची प्रेतंसुद्धा मिळालेली नाहीत. आणि 'हे आमचं नातवंड' असं म्हणणारी दोन म्हातारी माणसं तेवढी दारात उभी आहेत. त्यांच्या रक्तावरून काही ठरवता येईल का? जनुकशास्त्राकडे याचं तयार उत्तर नव्हतं. हा प्रश्न घेऊन कुणी त्याच्या दारात आलंच नव्हतं. तो आणला अर्जेंटिनातल्या आज्यांनी.

२४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात लष्करानं सत्ता बळकावली आणि माणसं गायब व्हायला लागली. विद्यार्थी, कामगार पुढारी, शिक्षक, पत्रकार. रात्री गाडी यायची, माणूस उचलला जायचा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक सरकारी कचेरीत एकच उत्तर मिळायचं: असा कुणी आमच्याकडे नाही. लोकशाही परतल्यावर नेमलेल्या चौकशी आयोगानं अशा सुमारे ९,००० जणांची नोंद केली. मानवी हक्क संघटना ३०,००० चा आकडा सांगतात. उचललेल्यांत गरोदर बायका होत्या. त्यांना बाळंतपण होईपर्यंत जिवंत ठेवायचं, मग मारायचं आणि मूल एखाद्या लष्करी किंवा पोलिसी घरात, नाहीतर त्यांच्या ओळखीपाळखीत देऊन टाकायचं, अशी ही पद्धत होती. ब्युनोस आयर्समधल्या नौदलाच्या तांत्रिक शाळेत तर छळछावणीच्या आतच प्रसूतीची सोय केलेली होती. खोटा जन्मदाखला मिळाला की काम झालं. आज्यांच्या अंदाजानं अशी सुमारे ५०० मुलं पळवली गेली.

३० एप्रिल १९७७ ला चौदा आया राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या चौकात, प्लाझा दे मायोमध्ये, जमल्या. घोळका करून उभं राहायला बंदी होती. पोलीस म्हणाले, चालत्या व्हा. मग त्या दोघी-दोघींनी चौकातल्या स्तंभाभोवती चालायलाच लागल्या. हुकूम पाळून हुकमाचा असा पचका करणं मला फार आवडतं, पण त्याची किंमत लहान नव्हती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांच्यापैकी तिघींना उचलण्यात आलं. त्यांत या सगळ्याची सुरुवात करणाऱ्या असुसेना व्हियाफ्लोर होत्या. त्यांच्या अस्थींची ओळख पटायला २००५ साल उजाडलं.

या आयांपैकी काहीजणींचा शोध दुहेरी होता. मुलगी किंवा सून तर हवीच होती, पण तिच्या पोटातलं, नाहीतर कडेवरचं मूलही हवं होतं. दुधापेक्षा दुधावरची साय जास्त प्रिय, असं आपल्याकडे म्हणतात. इथे दूध आणि साय दोन्ही हिरावून घेतलेलं. १९७७ च्या ऑक्टोबरात बारा जणींनी वेगळा गट केला: प्लाझा दे मायोच्या आज्या. ब्युनोस आयर्सच्या उपाहारगृहांत त्या मैत्रिणीचा वाढदिवस असल्यासारख्या जमायच्या. चहा यायचा, केक यायचा आणि टेबलाखालून कागद फिरायचे. फोनवर सांकेतिक बोलणं असे. पोप म्हणजे 'पांढरा माणूस', नातवंडं म्हणजे 'पिल्लं' आणि त्या स्वतः 'म्हाताऱ्या मावश्या'. निनावी चिठ्ठ्या येत: अमक्या अधिकाऱ्याच्या बायकोला दिवस गेलेले कुणी पाहिले नाहीत, तरी घरात मूल आलंय. म्हाताऱ्या बायकांकडे हेर सहसा बघत नाहीत, हा त्यांचा मोठाच फायदा.

पण पत्ता लागला तरी पुढे काय? न्यायाधीश पुरावा मागणार. ला प्लाता शहरातल्या चिचा मारियानी पेशानं शिक्षिका होत्या. त्यांची सून घरावरच्या हल्ल्यात मारली गेली होती, तीन महिन्यांची नात त्याच घरातून नाहीशी झाली होती आणि पुढे मुलगाही मारला गेला. पितृत्व नाकारणाऱ्या एका माणसाला रक्ततपासणीनं कसं खोटं पाडलं, अशी बातमी त्यांच्या वाचनात आली. मधली पिढी नसेल तर आजीचं रक्त चालेल का? हा प्रश्न घेऊन आज्या देशोदेशीच्या तज्ज्ञांना भेटल्या. बहुतेकांनी नकारार्थी मान हलवली. १९८२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांना व्हिक्टर पेंचाझादे भेटले. ते जनुकशास्त्रज्ञ होते, अर्जेंटिनाचेच, जीव वाचवून परदेशी गेलेले. त्यांनी 'नाही' म्हटलं नाही. पुढे हे काम कॅलिफोर्नियातल्या मेरी-क्लेअर किंग यांच्याकडे आलं. माणूस आणि चिंपांझी यांच्या जनुकांत किती कमी फरक आहे हे दाखवून त्या १९७५ मध्येच गाजल्या होत्या. १९८४ च्या जूनमध्ये त्या अर्जेंटिनात दाखल झाल्या.

त्यांच्या हाती आधी होतं ते साधन अवयवरोपणातलं. आपल्या पेशींवर 'एचएलए' नावाच्या खुणा असतात आणि त्या माणसागणिक विलक्षण वेगळ्या असतात. म्हणून तर परक्याचं मूत्रपिंड शरीर सहजी स्वीकारत नाही. या खुणांचे दोन संच प्रत्येकाकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. आता चार आजी-आजोबा घ्या. त्यांच्याकडे मिळून आठ संच झाले. मूल खरंच त्यांचं असेल तर त्याचा एक संच बापाकडच्या चारांपैकी आणि दुसरा आईकडच्या चारांपैकी असायलाच हवा. आई-बाप मधून पुसले गेले तरी हिशेब पुसला जात नाही! राहिला योगायोगाचा प्रश्न. त्यासाठी देशाच्या लोकसंख्येत कुठला संच किती आढळतो हे मोजायचं आणि विचारायचं: हे मूल या घरातलं असण्याची शक्यता कुणा परक्याचं असण्यापेक्षा किती पट जास्त? एखादे आजोबा हयात नसतील तर आत्या, काका, मावशी यांच्या रक्तावरून त्यांचे संच उभे करायचे. या आकड्याला नाव पडलं 'आजीपणाचा निर्देशांक'. गणिताला इतकं घरगुती नाव क्वचितच मिळालं असेल.

त्याच वर्षी त्याची कसोटी लागली. आई-बापांसह माँटेव्हिडिओतून पळवलेली एक मुलगी एका पोलीस अधिकाऱ्याच्या घरी सापडली होती. त्यानं तिची नोंद स्वतःची मुलगी म्हणून केली होती, तीही वय दोनेक वर्षांनी कमी दाखवून. ब्युनोस आयर्सच्या दुरांद रुग्णालयात तपासणी झाली. ती आजीची नात असण्याची शक्यता ९९.९ टक्के निघाली. डिसेंबर १९८४ मध्ये आठ वर्षांची ती पोर आजीच्या घरी आली.

पुढचं साधन तर या कामासाठीच घडवल्यासारखं वाटतं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या ऊर्जाघरांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो, फक्त साडेसोळा हजार अक्षरांचा. तो येतो केवळ आईकडून. बापाची भेसळ नाही, पिढीगणिक वाटे पडणं नाही. आईच्या आईचा जो मजकूर, जवळपास तोच नातवात. म्हणजे ज्या बाईचं अस्तित्वच राज्ययंत्रणेनं नाकारलं, तिच्या आईचा शिक्का तिच्या मुलाच्या पेशीपेशीत, आणि तो बदलून घेण्याचा अधिकार कुठल्याही कचेरीकडे नाही. मारणाऱ्यांनी कागद बदलले, नावं बदलली, वाढदिवस बदलले. या मजकुराची त्यांना कल्पनाच नव्हती. किंग यांच्या गटानं तो वाचून ओळख पटवायला सुरुवात केली. स्तनांच्या कर्करोगाच्या जनुकाचा ठावठिकाणा १९९० मध्ये शोधणाऱ्या किंग त्या याच.

आज्यांनी शास्त्राकडून उत्तर घेतलं आणि ते कायद्यात नेऊन रोवलं. आपण मेलो तर रक्त कोण देणार, ही त्यांची चिंता होती; म्हणून १९८७ मध्ये संसदेनं कायदा करून राष्ट्रीय जनुकीय माहिती बँक स्थापली. तिथे कुटुंबांचे नमुने जपलेत. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात मुलाला स्वतःची ओळख जपण्याचा हक्क देणारं आठवं कलम आलं, तेही या मोहिमेमुळे. तिकडे अर्जेंटिनातच १९८६-८७ मध्ये लष्कराला पाठीशी घालणारे कायदे झाले. 'वरून हुकूम होता' म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांवरचे खटले बंद पडले. पण त्या माफीतून मुलं पळवण्याचा गुन्हा वगळलेला होता. त्याच फटीतून १९९८ मध्ये माजी हुकूमशहा होर्हे व्हिदेला पुन्हा गजाआड गेला आणि २०१२ मध्ये, मुलं पळवण्याचा पद्धतशीर कट चालवल्याबद्दल, त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली. खुनांना माफी मिळवणाऱ्यांना पाळण्यांनी पकडून दिलं.

हे सगळं गोड मानायचं कारण नाही. वयाच्या तिशीत कळतं की ज्यांना आई-बाबा म्हटलं ते चोर आहेत, कधी कधी खऱ्या आई-बापांच्या मारेकऱ्यांच्या साखळीतले. काहींनी रक्त द्यायला साफ नकार दिला. २००९ मध्ये कायदा झाला आणि न्यायाधीशाला दात घासायच्या ब्रशवरून, कपड्यांवरून नमुना घेण्याची मुभा मिळाली. सत्य जाणण्याचा हक्क मोठा की न जाणण्याचा? मला यात आज्यांची बाजू पटते, कारण चोरी एकट्या मुलाची झालेली नव्हती. पण नकार देणाऱ्याला दोष देण्याची माझी छाती नाही.

आणि हे शास्त्र मुरवत ठेवत नाही. २०१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी चिचा मारियानींची नात सापडल्याची बातमी देशभर पसरली. चिचा तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या. दुसऱ्याच दिवशी जनुकीय बँकेनं कळवलं: जुळत नाही. २०१८ मध्ये त्या गेल्या, नात न सापडताच. उलट एस्तेला दे कार्लोत्तो, १९८९ पासून आज्यांच्या अध्यक्ष. त्यांच्या मुलीनं, लाउरानं, १९७८ मध्ये कैदेत मुलाला जन्म दिला आणि दोन महिन्यांत तिला मारण्यात आलं. २०१४ मध्ये ओलाव्हारियातल्या एका पियानोवादकाला स्वतःच्या जन्माबद्दल शंका आली, तो आपणहून तपासणीला गेला आणि एस्तेलांचा नातू निघाला. शोधून काढलेल्यांत तो ११४ वा.

२०२५ मध्ये हा आकडा १४० वर पोचला. उरलेली तीनशेहून जास्त माणसं आता पन्नाशीच्या आसपास आहेत, काही परदेशात, आणि बहुतेकांना आपल्याला शोधलं जातंय याची कल्पना नाही. २०२४ मध्ये सरकारनं या मुलांचा शोध घेणाऱ्या सरकारी ओळख-आयोगाचं खास तपास पथक बरखास्त केलं. बारा संस्थापक आज्या राहिल्या नाहीत. म्हणून आता हाक चौथ्या पिढीला आहे: आपल्या आई-बापांच्या जन्माबद्दल शंका असेल तर या. इथे एक तांत्रिक अडचण येते. सापडायचा राहिलेला नातू पुरुष असेल तर आजीचा तो मायटोकॉन्ड्रियाचा मजकूर त्याच्यापाशीच थांबतो, त्याच्या मुलांकडे जात नाही. पणतवंडांसाठी पेशीकेंद्रातल्या डीएनएवर, त्या विभागत जाणाऱ्या वाट्यांवर भिस्त ठेवावी लागते आणि तिथे कुटुंबातल्या जितक्या जास्त जणांचे नमुने असतील तितकं बरं. दुरांद रुग्णालयात आज्यांनी बाही वर करून दिलेलं रक्त आता त्या कामाला येतंय.