तलावातला मासा कोणी सोडला?

नागपूरहून शनिवार-रविवारी जवळच्या एखाद्या तलावावर गळ टाकायला जायचे ठरले की तयारी बहुधा दुकानात सुरू होते. दांडी किती फुटांची घ्यावी, तंगूस किती जाडीची, गळ कोणत्या आकाराचा, कणकेच्या गोळ्यात पेंड मिसळावी की नाही, यावर हौशी मंडळी तासन्‌तास बोलू शकतात. तलावाबद्दल मात्र रस्ता कसा आहे आणि गाडी पाण्यापर्यंत जाते का, एवढेच विचारले जाते. ही तयारी उलट्या टोकाने सुरू होते असे माझे म्हणणे आहे. लहान तलावावर जायचे असेल तर पहिला प्रश्न एकच: या पाण्यातला मासा सोडला कोणी? दिवस कोणता, वेळ कोणती, बसायचे कुठे, आमिष काय, ही बाकीची उत्तरे त्याच्यामागोमाग येतात. तीही दुकानदारापेक्षा अधिक जाणत्या माणसाकडून मिळतात.

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या तलावांत वाढवले जाणारे मुख्य मासे मुळात नदीचे आहेत. पावसाळ्यात वाहत्या, चढत्या पाण्यात ते अंडी घालतात. साचलेल्या तलावात ते वाढतात, वजन धरतात, पण सहसा वीण करत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन घडवून आणले. त्याआधी त्यांचे बीज मुख्यतः नद्यांमधून गोळा करून आणावे लागे. आता ते बीजकेंद्रात तयार होते, जिऱ्यापासून (अगदी बारीक पिल्लापासून) बोटुकलीपर्यंत (बोटाएवढ्या पिल्लापर्यंत) वाढवले जाते आणि पावसाने तलाव भरला की प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून तलावावर येते. पिशवी आणली आणि ओतली, असे चालत नाही. आधी ती काही वेळ तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचे तापमान जुळू द्यायचे, मग तोंड उघडून थोडे थोडे पाणी आत घ्यायचे आणि पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्यायचे. घाई केली तर तापमानाच्या धक्क्यानेच पुष्कळशी मरतात. उरलेल्यांतून बगळे, पाणकावळे आणि मरळ आपला वाटा घेतात. एवढ्यातून वाचलेली बोटुकली साधारण वर्षभरात किलोच्या आसपास भरते. म्हणजे हौशी माणसाच्या गळाला लागलेला रोहू हा पेरलेल्या शेतातल्या कणसासारखा आहे. त्याचे बियाणे कोणीतरी विकत घेतले आहे आणि त्याची राखणही कोणीतरी केली आहे.

हा कोणीतरी पूर्व विदर्भात बहुधा मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातला असतो. नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग आणि पुढे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा मालगुजारी तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने आणि गावोगावच्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, धानासाठी बांधलेले असे सहा हजारांहून अधिक तलाव इथे आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारचे झाले आणि कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी’, बोलण्यात ‘मामा तलाव’ झाले. पाणी शेतीला जाते. मासळीचा हक्क मात्र ठेक्याने दिला जातो आणि तो प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, बीज आणते, राखण करते, उन्हाळ्यात पाणी उतरले की जाळे ओढते आणि आलेल्या मासळीची वाटणी सभासदांत होते. पाण्यावरच्या अशा हक्काला किती वजन असते ते पेंचच्या प्रकरणात दिसते. पेंच राष्ट्रीय उद्यानातल्या तोतलाडोह जलाशयात मध्य प्रदेश सरकारने ३०५ आदिवासींना मासेमारीचे परवाने दिले होते. त्याविरुद्ध पर्यावरणवादी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने १९९७ मध्ये जंगल आणि उपजीविका दोन्ही तोलून अटी घातल्या, पण परवाने रद्द केले नाहीत. वाघाच्या जंगलातही ज्याचा विचार करावा लागतो तो हक्क रविवारच्या सहलीपुढे आपोआप नाहीसा होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: तलाव सार्वजनिक आहे, आमच्याच कराच्या पैशांतून त्याची दुरुस्ती होते, मग विचारायचे कशाला? पाळीवर बसायला, पक्षी पाहायला, पोळ्याला बैल धुवायला कोणी कोणाला विचारत नाही, हे खरेच आहे. पण तलाव सार्वजनिक असणे आणि त्यातली मासळी सार्वजनिक असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रस्त्याकडेच्या सरकारी जमिनीवरच्या आंब्यांचाही लिलाव होतो आणि तो घेणाऱ्याचे आंबे आपण झोळीत भरत नाही. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. गळाला लागणार दोन-चार मासे, त्याने संस्थेचे काय बिघडते? एकट्याने फारसे काही बिघडत नाही, हे मान्य. पण नागपूरसारख्या मोठ्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या लहान तलावावर कोणी एकटा येत नाही. प्रत्येक सुट्टीला नवी टोळी येते, रस्ता दाखवणारा व्हिडिओ फिरतो, आणि पाच-सात हेक्टरच्या पाण्याला तो भार जाणवतो. शिवाय माशाच्या वजनापेक्षा विचारण्याचे मोल मोठे आहे. राखणीला बसलेल्या माणसासमोरून न बोलता दांडी घेऊन जाणे हा त्याचा अपमान आहे, मग डबा रिकामा परत आला तरी.

मग शहरातच गळ टाकावा, असे कोणी म्हणेल. अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, सक्करदरा अशी तलावांची नावे नागपूरकरांना तोंडपाठ आहेत. पण यातल्या अनेकांत वर्षानुवर्षे सांडपाणी शिरत आले, मूर्तींचा रंग आणि प्लास्टर उतरत आले. उन्हाळ्यात मेलेले मासे काठाला लागल्याच्या बातम्याही शहराला नव्या नाहीत. अशा पाण्यातला मासा ताटात घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. गोरेवाड्याच्या जलाशयातून पिण्याचे पाणी घेतले जाते आणि भोवती राखलेले जंगल आहे, तेव्हा तोही बाद. बाहेर जाणेच बरे, पण विचारून.

विचारण्याचा दुसरा लाभ हौशी मंडळी हिशेबात धरत नाहीत. पहाट हीच मासे लागण्याची वेळ, असे सर्रास मानले जाते. तलावाचे शास्त्र थोडे वेगळे सांगते. पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री तोच वापरतात. त्यामुळे सूर्योदयाच्या आधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्यात पाणी तापलेले असले तर ते मुळातच प्राणवायू कमी धरते: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. पारा ४५ च्या पुढे गेलेल्या मे महिन्यात आटलेल्या तलावावर पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडताना दिसतात. नवख्याला वाटते, मासा चरायला आला. प्रत्यक्षात तो श्वासासाठी धडपडत असतो आणि आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही. हिवाळ्यात उलटा प्रकार. सकाळी पाणी थंड असल्याने रोहू-मृगळ सुस्त असतात, ऊन चढून उथळ पाणी कोमट झाले की हलू लागतात. तेव्हा डिसेंबरात नऊ-दहानंतर पोचलेला माणूस काही गमावत नाही. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तेव्हा गळ किती खोल सोडायचा हे मासा कोणता सोडला आहे त्यावर ठरते, आणि ते संस्थेच्या माणसालाच ठाऊक असते. जुन्या नाल्याचे पात्र तळाशी कुठून जाते, तुडुमाजवळ (पाणी सोडायच्या दाराजवळ) पाणी किती खोल आहे, बुडालेली खोडे कुठे आहेत, शिंगाड्याचे वेल कोणत्या बाजूला लावले आहेत, मागचे जाळे कधी ओढले, हेही तोच सांगतो. शिंगाड्याच्या वेलांत तंगूस अडकली तर गळ जातोच, शिवाय कोणाचे तरी दुसरे पीकही तुटते.

माशांच्या आणि संस्थेच्या वर्षक्रमावरून महिनेही ठरतात. पहिल्या पावसाचे दिवस सोडून द्यावेत, कारण तेव्हा स्थानिक जातींचे मासे अंड्यांवर असतात. मरळीचा नर तर पिल्लांच्या लालसर घोळक्याखाली राखणीला थांबतो आणि जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतो, त्यामुळे गळाला सहज लागतो. तो गेला की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. आम्ही मासा परत सोडतो, असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दहा मिनिटांच्या झटापटीनंतर सोडलेला नर परत येईपर्यंत घोळका शिल्लक राहील याची खात्री नाही. तापलेल्या पाण्यात तर दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो, आणि कोरड्या हाताने धरला तर अंगावरचा चिकट थर निघून त्याला रोग जडतो. फेब्रुवारीनंतर पाणी उतरू लागते, संस्थेची मुख्य काढणी सुरू होते. तेव्हाही आपण मध्ये जाऊ नये. राहतो तो ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंतचा काळ, आणि तो पुरेसा आहे.

एवढे केल्यावर मग सामान. त्यात दांडीइतकीच एक पिशवी महत्त्वाची, तुटलेली तंगूस परत आणण्यासाठी. काठावर टाकलेल्या नायलॉनच्या दोऱ्यात बगळ्यांचे आणि पाणकोंबड्यांचे पाय अडकतात आणि तो कित्येक वर्षे कुजत नाही. अवकाळी ढग आले तर कार्बनची दांडी लगेच खाली ठेवावी, कारण तिच्यातून वीज वाहते. उघड्या पाळीवर उंच दांडी धरून उभा असलेला माणूस विजेच्या सर्वांत जवळ असतो. विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप फोनमध्ये असावे. गाळाच्या तलावात गुडघाभर पाण्यातही पाय रुतून बसतो, म्हणून अडकलेला गळ सोडवायला आत उतरू नये, दोरा कापावा.

जायचे असेल तर आधीच्या आठवड्यात एका सकाळी, मासळीचे वजन चालू असते त्या वेळी, त्या गावी जा. संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटा, किती माणसे येणार ते सांगा, ते जी रक्कम सांगतील ती द्या आणि पावती मागा. नाही म्हणाले तर वाद घालू नका. त्यांच्याकडून किलोभर रोहू विकत घ्या आणि घरी परत या.