सेंटिनेल पाइन पूल

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर संस्थानांत पेमिजेवासेट नदीच्या घळईंत सुमारें ४० फूट खोल डोह आहे. त्यास इंग्रजींत ‘पूल’च म्हणतात, आमचा पूल तो नव्हे. त्या डोहावरील कड्यावर शेंकडों वर्षें एक प्रचंड पाइन वृक्ष उभा होता. बुंध्याचा घेर १६ फूट. नांव सेंटिनेल, म्हणजे पहारेकरी. सप्टेंबर १९३८ च्या वादळांत तो उन्मळून पडला. असा वृक्ष सरपणास गेला असता तर आम्हांस वाईट वाटलें असतें. परंतु त्याच्याच ६० फूट लांब खोडाच्या आधारें १९३९ सालीं नदीवर पादचाऱ्यांसाठीं लांकडी पूल बांधण्यांत आला.

या पुलास घरासारखें छप्पर आहे. तें वाटसरूंसाठीं असावें, असें आम्हांसही प्रथम वाटलें होतें. पण अशा पुलाचा भार ज्या तुळया व सांधे वाहतात, त्यांत पाणी मुरलें कीं लांकूड कुजूं लागतें. छप्पर कुजल्यास नवें घालतां येतें. सांधे कुजल्यास पूलच जातो. पुलावरून चालतांना तें जुनें खोड पायांखालीं असल्यामुळें दिसत नाहीं. तें पाहावयाचें तर बाजूस जाऊन मागें वळून पाहावें लागतें.