विळ्यावरचं तांबं: अभिक्रिया ओळखायच्या कशा?

आजचा भाग रासायनिक अभिक्रियांवर आहे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! दहावीत मीही हा धडा नुसता पाठ केला होता. निकाल लागला आणि धडा विसरलो. तो कळला बऱ्याच वर्षांनी, निफाडला मामाच्या द्राक्षबागेत.

केवड्यासाठी बोर्डो मिश्रण फवारायचं होतं. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि साधारण १ किलो चुना लागतो. मी ढवळून म्हटलं, "मामा, झालं. पंप भरू का?" मामानं काही न बोलता घासलेला विळा मिश्रणात बुडवला. थोड्या वेळानं काढला, तर पात्यावर तांबूस थर! "अरे, चुना कमी पडलाय. असंच मारलं असतं तर पानं करपली असती."

हे मामाला कळलं कसं? आता बघा, त्या एका ड्रममागे चारही प्रकारच्या अभिक्रिया आहेत. ओळखायला फक्त डावी बाजू बघायची, म्हणजे अभिक्रियाकारकं.

एक: डावीकडे एकच पदार्थ असेल तर तो फुटणार. हे अपघटन. भट्टीत चुनखडी तापवली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो.

दोन: दोन पदार्थ मिळून एकच तयार होत असेल तर तो संयोग. दोन मूलद्रव्यं असली की बहुतेक वेळा हेच. कळीचा चुना आणि पाणी ही दोन्ही संयुगं आहेत, पण त्यांचाही संयोगच होतो: कॅल्शियम ऑक्साइड + पाणी → कॅल्शियम हायड्रॉक्साइड. यात भरपूर उष्णता निघते, म्हणून चुना विरवताना जरा लांबच उभं राहायचं.

तीन: एक मूलद्रव्य आणि एक संयुग असेल तर विस्थापन. एकटा आलेला धातू संयुगातल्या धातूला हटवून त्याची जागा घेतो.

चार: दोन क्षार, किंवा क्षार आणि आम्लारी, पाण्यात एकत्र आले तर जोडीदारांची अदलाबदल. हे दुहेरी विस्थापन. सोप्या रूपात ड्रममध्ये हेच होतं: कॉपर सल्फेट + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट.

इथपर्यंत साधं इफ-एल्स आहे. पण माझी चूक पुढच्या पायरीला व्हायची. प्रकार ओळखला म्हणजे अभिक्रिया होणारच, असं नाही! उजवी बाजू लिहिण्याआधी एक तपासणी करायची.

विस्थापनात विचारायचं, की एकटा आलेला धातू जास्त क्रियाशील आहे का? उतरता क्रम असा: जस्त, लोह, शिसं, तांबं, चांदी. लोह तांब्याला हटवतं, पण तांबं लोहाला हटवू शकत नाही.

दुहेरी विस्थापनात विचारायचं, की अवक्षेप, वायू किंवा पाणी तयार होतंय का? कॉपर हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळत नाही, म्हणून निळसर अवक्षेप येतो. पण मिठाच्या पाण्यात पोटॅशियम नायट्रेटचं द्रावण टाकलं तर यातलं काहीच तयार होत नाही. कागदावर अदलाबदल लिहिता येते, भांड्यात सगळं तसंच राहतं.

आता परत विळ्याकडे येऊ. चुना पुरेसा असेल तर जवळपास सगळं तांबं अवक्षेपात अडकतं आणि विळा स्वच्छ राहतो. चुना कमी पडला तर कॉपर सल्फेट पाण्यात मोकळं उरतं, आणि लोह त्यातलं तांबं बाहेर काढतं: लोह + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबं. हेच मोकळं तांबं पानं जाळतं. म्हणजे चौथ्या प्रकारची अभिक्रिया पूर्ण झाली का, हे मामा तिसऱ्या प्रकारानं तपासत होता! आणि बोर्डो लोखंडी पिंपात का करत नाहीत, तेही आता कळलं असेल. मोरचुदाच्या द्रावणासाठी ते पिंप म्हणजे एक मोठा विळाच.

आम्ही अजून चुन्याचं पाणी ओतलं, ढवळलं, विळा घासून परत बुडवला. या वेळी पातं स्वच्छ निघालं, मग पंप भरला.

जाता जाता तुमच्यासाठी दोन प्रश्न. फेरस सल्फेटच्या द्रावणात तांब्याची तार टाकली तर काय होईल? आणि जस्ताचा तुकडा टाकला तर? आधी प्रकार ओळखा, मग तपासणी करा आणि शेवटी उजवी बाजू लिहा. भेटू पुढच्या भागात!