तह झाला, पगार अर्धा झाला

युद्ध जिंकून परतलेला सेनाधिकारी म्हटला की मानमरातब, जमीनजुमला आणि आरामाचे उरलेले आयुष्य असे चित्र आपल्यासमोर येते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश सैन्यात असे भाग्य फार थोड्यांना लाभले. बाकीच्यांसाठी तह म्हणजे बेकारी होती. 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव झाला, तेव्हा ब्रिटिश सैन्य सव्वादोन लाखांहून मोठे होते. पुढच्या सहा-सात वर्षांत ते लाखाच्या आसपास आणले गेले. पलटणी मोडल्या आणि त्यांच्याबरोबर हजारो अधिकाऱ्यांच्या नेमणुकाही गेल्या.

‘त्यांना निवृत्तिवेतन तर मिळतच होते’

हा सर्वांत रुजलेला गैरसमज. मोडलेल्या पलटणीच्या अधिकाऱ्याला सरकार ‘हाफ-पे’, म्हणजे अर्धा पगार, देत असे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ही पद्धत चालू होती. पण हे झालेल्या सेवेबद्दलचे निवृत्तिवेतन नव्हते. पुन्हा युद्ध पेटले तर सरकारला अधिकारी हाताशी हवा, म्हणून त्याला बांधून ठेवण्याची ती रक्कम होती. बोलावणे आले की हजर व्हायचे, अशी त्यामागची अट.

ही अट किती खरी होती, ते 1790 च्या एका इंग्लिश निकालावरून कळते. कर्जात बुडालेल्या अधिकाऱ्याला आपला अर्धा पगार सावकाराच्या नावे करून देता येईल का, असा प्रश्न होता. न्यायालयाने नाही म्हटले. सेवेशी जोडलेल्या माणसाने नीट जगावे म्हणून राज्य देते ते पैसे, ते परस्पर दुसऱ्याचे होऊ शकत नाहीत, अशी भूमिका घेतली गेली. म्हणजे त्या माणसाला पुरेसा पगार नाही, कायमचे काम नाही आणि हाती असलेली एकमेव मिळकत तारण ठेवायचीही सोय नाही.

‘अधिकारी सगळे श्रीमंत घरचे, त्यांना पगाराची काय तमा?’

हा समज अगदीच निराधार नाही, कारण ब्रिटिश पायदळात आणि घोडदळात अधिकारपद विकत मिळे. 1821 च्या दरपत्रकात पायदळातल्या सर्वांत कनिष्ठ, म्हणजे एन्साइनच्या, पदाची किंमत 450 पौंड होती. कॅप्टनच्या पदाची 1,800 आणि लेफ्टनंट-कर्नलच्या पदाची 4,500 पौंड. आता पगार बघा. एन्साइनला दिवसाला पाच शिलिंग तीन पेन्स, म्हणजे वर्षाला पंचाण्णव पौंडांच्या आसपास. त्यातूनच गणवेश आणि मेसचा खर्च. घरून पैसे आल्याशिवाय शांततेच्या काळात हे पद टिकवणे अवघड होते.

पण प्रदीर्घ युद्धात श्रीमंत घरचे पुरे पडेनात. नेपोलियनविरुद्धच्या युद्धकाळात बहुतेक बढत्या पैसे न भरताच मिळाल्या. लढाईत मेलेल्या अधिकाऱ्याच्या जागी खालचा सरके. धर्मगुरूंची, छोट्या जमीनदारांची मुले अशी वर चढली. शांतता आली आणि ही शिडीच काढून घेतली गेली. जागा रिकामी होईना, आणि झाली तर ती पैसेवाला घेई. शिवाय ज्याला पद फुकट मिळाले होते, त्याला ते विकून भांडवल उभे करायची मुभा सहसा नसे. विकत घेणाऱ्याचीही सुटका नव्हती. तो रणांगणावर पडला तर भरलेले पैसे सहसा बुडीत जात.

मग माणसे काय करत? काही कॅनडात मिळणाऱ्या जमिनीवर गेली. स्कॉटलंडचा जॉन डनबार मूडी 1814 मध्ये बर्गेन-ऑप-झूमच्या हल्ल्यात जखमी झाला होता. 1832 मध्ये तो पत्नी सुझॅना हिच्यासह तिकडे पोचला. लष्करी पद विकून आलेली रक्कम त्याने एका आगबोटीच्या शेअरमध्ये गुंतवली, तीही बुडाली. सुझॅनाने पुढे त्या जंगलातल्या दिवसांवर जे पुस्तक लिहिले, ते कॅनडात आजही वाचले जाते. काही जण स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या बोलिव्हारच्या बाजूने लढायला दक्षिण अमेरिकेत गेले.

ही भटकंती केवळ ब्रिटिशांची नव्हती. फ्रान्सच्या आयरिश पलटणीतून बाहेर पडलेला सॅव्हॉयचा बेनुआ द बॉयन्य रशियाच्या फौजेत राहून हिंदुस्थानात आला आणि 1784 मध्ये महादजी शिंद्यांच्या चाकरीत शिरला. आपण त्याला डी बॉइन म्हणून ओळखतो. शिंद्यांच्या कवायती फौजा उभ्या राहिल्या, त्यात युरोपातल्या अशा अधिकाऱ्यांचा वाटा मोठा होता.

‘हिंदुस्थानात आलेला प्रत्येक गोरा अधिकारी गब्बर होऊन परतला’

हा समज आपल्याकडे जास्त आहे, आणि त्याला कारणही आहे. 1803 मध्ये जालन्याजवळ असईची लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली 1805 मध्ये परतला, तेव्हा त्याच्याकडे सुमारे 42,000 पौंड होते. पण लुटीचा वाटा हुद्द्याप्रमाणे मिळे. सेनापतीचा वाटा बघून लेफ्टनंटाची स्थिती ठरवता येत नाही. वाटाही लगेच हाती पडत नसे. 1817-18 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा दख्खनमध्ये मिळालेल्या लुटीवर गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज आणि दख्खनच्या फौजेचा सेनापती हिस्लॉप यांच्या फौजांनी परस्परविरोधी हक्क सांगितले. ते प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. पेशव्यांच्या कारभाऱ्याच्या जप्त मालमत्तेचा एक दावा तर 1830 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला.

ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याची खरी भिस्त भत्त्यावर असे. प्लासीच्या लढाईनंतर नवाब मीर जाफरने कंपनीच्या बंगालमधल्या फौजेला दुप्पट भत्ता सुरू केला. क्लाइव्हने 1766 मध्ये तो काढून घेतला, तेव्हा अधिकाऱ्यांनी एकत्र राजीनामे देण्याचा कट केला. क्लाइव्हने तो मोडला. 1828 मध्ये गव्हर्नर-जनरल बेंटिंकने बराकपूर, दमदम, दानापूर अशा ठाण्यांवर भत्ता निम्मा केला, कारण कंपनीची तिजोरी युद्धखर्चाने रिकामी झाली होती. युद्धाचे कर्ज शांततेत फेडले गेले, आणि त्यातला एक हिस्सा लढलेल्यांच्याच खिशातून.

कंपनीत पद विकत मिळत नव्हते, बढती ज्येष्ठतेने होई. त्यामुळे वरचा माणूस हलेपर्यंत खालच्याने वाट पाहायची. शेवटी कनिष्ठ अधिकारी वर्गणी काढून ज्येष्ठाला निवृत्त होण्यासाठी रक्कम देऊ लागले.

इकडे ब्रिटिश सैन्यातली पदांची खरेदी-विक्री अखेर 1871 मध्ये बंद झाली. भरपाई देताना सरकारने फक्त दरपत्रकाची किंमत धरली नाही. अधिकारी एकमेकांना वरून जे पैसे देत आणि जे देणे कायद्याने मना होते, त्यांचीही भरपाई तिजोरीतून झाली.