गोधडीने कासवाला ऊब येत नाही!

मुलांनो, थंडी पडली की तुम्ही काय करता? स्वेटर चढवता, कानटोपी घालता आणि रात्री गोधडीत शिरता. पाच मिनिटांत गोधडी छान गरम होते. पण गंमत सांगू? गोधडी स्वतः मुळीच गरम नसते. तिला गरम करता ते तुम्हीच! आपलं शरीर खाल्लेल्या अन्नातून सतत उष्णता तयार करतं. गोधडी ती बाहेर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम.

आता हीच गोधडी गार पडलेल्या कासवावर घाला. काय होईल? काहीच नाही! कासवाच्या अंगात आपल्यासारखी शेगडी नसते. हवा, जमीन आणि ऊन यांच्याकडून जेवढी ऊब मिळेल तेवढीच त्याची. गोधडीखाली ठेवलेला दगड जसा गारच राहतो, तसंच हेही. म्हणून कासवाचं गाव बदललं की त्याच्या उबेची सोय माणसांनाच करावी लागते.

शिरूर तालुक्यातलं कारेगाव घ्या. शेजारी रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळे कामानिमित्त दूरदूरची कुटुंबं इथे राहायला येतात. समजा, मुंबईहून एक कुटुंब आलं आणि त्यांच्याबरोबर त्यांचं पाळलेलं सुल्काटा कासवही आलं. हे कासव मूळचं आफ्रिकेतलं, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचं. जमिनीवरच्या कासवांत आकाराने जगात तिसरं! पिल्लू असतं तेव्हा तळहातावर मावतं, पण पुढे वाढत वाढत पार सिमेंटच्या गोणीएवढं, म्हणजे ५० किलोंचंही होऊ शकतं.

मुंबईला समुद्राचा शेजार असतो. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, त्यामुळे तिथे रात्रीही पारा फारसा उतरत नाही. कारेगाव पठारावर आहे. हिवाळ्यात इथली हवा कोरडी, आकाश स्वच्छ. दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. आपल्याला वाटतं, काय मस्त थंडी आहे! पण सुल्काट्याचा मुक्काम रात्री १५ अंशांहून गार जागी असू नये. पिल्लांना तर याहून बरीच जास्त ऊब लागते.

गारठ्याने नेमकं बिघडतं काय? कासव खातं गवत. ते पचवतात त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव, आणि त्यांना काम करायला ऊब लागते. अंग गार पडलं की गवत पोटात तसंच राहतं. रोगाशी झुंजण्याची ताकदही कमी होते. त्यात जागा ओली असली तर सर्दी आणि मग न्यूमोनिया! आणि हे सगळं होतं अगदी गुपचूप. कुत्रं कुंई कुंई करतं, मांजर पांघरुणात घुसतं. कासव मात्र पाय आत घेऊन गप्प बसतं. घरातले म्हणतात, "झोपलंय बिचारं. कासवं थंडीत झोपतातच की!"

इथेच घोटाळा होतो. थंडीत झोपणारी कासवं असतात, हे खरं. इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट नावाचे निसर्गाच्या बारीक नोंदी ठेवणारे गृहस्थ होते. १७८० साली त्यांनी आपल्या आत्याचं 'टिमथी' नावाचं कासव सेलबर्न गावी आणलं. ते भूमध्य सागराच्या काठच्या जातीचं. हिवाळा आला की ते माती उकरून आत जाई आणि वसंत ऋतूत बाहेर येई. ऊन मंद झालं की हा पठ्ठा भिंतीला पाठ टेकवून तिरका उभा राही, म्हणजे पाठीवर जास्त ऊन यावं! पण टिमथीच्या जातीला हिवाळ्यात निजायची जन्मजात सवय होती. सुल्काट्याला ती नाही. त्याची थंडीतली 'झोप' ही झोप नसून गारठून पडणं असतं.

आता एका खऱ्याखुऱ्या पाहुण्याची गोष्ट. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरून १८८२ साली एक मोठं कासव जहाजातून अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर आणलं गेलं. नेपोलियनला कैदेत ठेवलं होतं, तेच हे बेट. कासवाचं नाव जोनाथन. तो तेव्हाच पूर्ण वाढलेला होता. त्यावरून त्याचा जन्म साधारण १८३२ चा धरतात, आणि २०२२ साली बेटावर त्याचा १९० वा वाढदिवस साजरा झाला! सेशेल्सपेक्षा इथली हवा गार. मग जोनाथनने काय केलं? ऊन असेल तेव्हा मान आणि पाय लांब पसरून अंग शेकायचं. थंडीच्या दिवशी पालापाचोळ्यात रुतून बसायचं आणि दिवसभर हलायचं नाही! म्हातारपणी त्याची दृष्टी आणि वास घेण्याची शक्ती गेली, तेव्हा तिथल्या पशुवैद्यांनी त्याला हाताने फळं-भाज्या भरवायला सुरुवात केली. त्याची तब्येत पुन्हा सुधारली. म्हणजे गाव बदललं तरी कासव तिथे रुळू शकतं, पण त्याला ऊन, आडोसा आणि लक्ष देणारं माणूस हवं.

कारेगावातल्या आपल्या सुल्काट्यासाठी काय करता येईल?

आधी रात्रीची खोली. त्याला आत वळता येईल एवढी प्लायवूडची पेटी करायची. भिंती दुहेरी, मध्ये थर्मोकोल. थर्मोकोल उघडा ठेवायचा नाही, कारण कासव तो कुरतडून खातं! जमिनीचा गारवा लागू नये म्हणून पेटी विटांवर ठेवायची. दाराला जाड पडदा. आत उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, तोही जाळीच्या आड आणि थर्मोस्टॅटला जोडलेला, म्हणजे २० ते २५ अंशांवर पारा स्थिर राहील. हे काम वायरमनकडूनच करून घ्यायचं. हीटरजवळ कडबा किंवा वाळलेलं गवत मुळीच ठेवायचं नाही, आग लागेल.

मग सकाळचं ऊन. पाण्याचा भरलेला हंडा तांब्यापेक्षा उशिरा तापतो ना? तसंच मोठं कासव लहानापेक्षा हळू तापतं. म्हणून त्याला भरपूर वेळ ऊन द्यायचं, शेजारी सावलीही ठेवायची. ऊन खिडकीच्या काचेतून नको! हाडं आणि कवच बळकट करणारं ड जीवनसत्त्व ज्या किरणांमुळे तयार होतं, ते किरण साधी काच अडवते. संध्याकाळी गारवा सुटायच्या आधी त्याला पेटीत न्यायचं, आणि कोरडं करूनच.

रात्री वीज गेली तर? गरम पाण्याचे कॅन फडक्यात गुंडाळून पेटीत कडेला ठेवायचे. आणि पेटीवर वरून घालायची गोधडी, हवा जायला फट ठेवून. आता मात्र ती कामाला येते, कारण आत उष्णता देणारं काहीतरी आहे!

नाकातून पाणी किंवा बुडबुडे, तोंड उघडून श्वास, ऊन मिळूनही न खाणं, यांतलं काही दिसलं तर घरगुती उपाय न करता पशुवैद्यांकडे जायचं.

आई-बाबांसाठीही दोन शब्द. असं कासव नव्याने आणा, असं हा लेख सांगत नाही. ते ५० वर्षांहूनही जास्त जगू शकतं, म्हणजे पुढच्या पिढीचीही जबाबदारी. आपल्याकडचं पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव तर 'भाग्य उजळतं' म्हणूनही पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे. सुल्काट्यासारख्या परदेशी प्राण्याची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. आणि झेपत नाही म्हणून त्याला घोड नदीत किंवा विहिरीत कधीच सोडू नका. ते जमिनीवरचं कासव आहे, बुडून मरेल. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

मुलांनो, तुमच्यासाठी यात एक खास काम आहे. रात्रीचं सर्वांत कमी तापमान दाखवणारा तापमापक मिळतो. तो पेटीत कासवाच्या उंचीवर लावा. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी आकडा वहीत लिहा. शेजारी लिहा : आज खाल्लं का? शी केली का? किती वेळ फिरलं? हे रोज पाहाल, तर कासव आजारी पडण्याआधीच तुम्हांला कळेल की रात्री पेटी गार पडतेय!