पडद्यावरून शिवारात

सातारा जिल्ह्यातला, म्हसवडचा माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. ढग दिसतात, पाऊस मात्र मोजकाच पडतो. हवामान बदलानं त्याचा लहरीपणा आणखी वाढवला आहे.

अशा दुष्काळी गावांत जलसंधारणाची चढाओढ लावणाऱ्या, 2016 साली सुरू झालेल्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेनं कलेला पाणलोटशास्त्राशी जोडलं. फाउंडेशन उभारणारे आमिर खान, सत्यजित भटकळ ही 'सत्यमेव जयते' मालिकेमागची मंडळी. गोष्ट सांगणं हेच त्यांचं बळ. अजय-अतुल यांच्या गाण्यानं गावं श्रमदानाला उठली, चित्रफितींनी समपातळी चर समजावले. उतारावर एकाच पातळीत चर खणला, की पाणी अडतं आणि मुरतं. नुसत्या तांत्रिक पत्रकानं इतकी कुदळ-फावडी हलली नसती.

2018 च्या वॉटर कपचं पहिलं पारितोषिक माणमधल्याच टाकेवाडीनं जिंकलं. पुढे फाउंडेशनच्याच 'समृद्ध गाव' स्पर्धेत पाण्याचा ताळेबंदही, म्हणजे किती पाणी आलं आणि किती वापरलं याचा हिशेब, आला.